सदर पुस्तक विक्रीस आहे

रायगड जिल्ह्यातल्या तळा गावात राहून लेखक व्हायचं म्हणजे गाठ थेट शिवभूतीशी असते. आमच्या तालुक्यातल्या कुडे लेण्यांत ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव कोरलेलं आहे. हा गृहस्थ मांदव महाभोज खंदपालिताच्या पदरी लेखक होता, म्हणजे आजच्या हिशेबाने कचेरीतला कारकून. त्याने पदरमोड करून डोंगरात लेणं खोदवून घेतलं आणि भिंतीवर धन्याचं, आईबापाचं, स्वतःचं आणि बायको नंदा हिचं नाव घालून घेतलं. धाकटा भाऊ शिवम याने दुसऱ्या एका लेण्यात बायकोसकट पोराबाळांचीही वर्णी लावली. प्रकाशक नाही, वितरक नाही, परीक्षण नाही. छापली ती एकच प्रत, आणि सुमारे दोन हजार वर्षांत ती रद्दीत गेलेली नाही.

मीही अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला आणि स्वखर्चाने कथासंग्रह काढलेला, तेव्हा शिवभूती हा माझा खातेबंधूच. हे मी घरी अभिमानाने सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे त्या नंदाबाईंचं नाव इतकी वर्षं दगडात आहे. माझं तुमच्या आभारांतसुद्धा नाही." आभारांत मी लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या मुलाचे आभार मानले होते.

कारकुनी करून लेखनाकडे वळणाऱ्याची अडचण बाहेरच्यांना कळायची नाही. कचेरीत लिहिलेलं कुणी वाचत नाही, त्यावर सही करतात. म्हणून तिथे वाक्य जितकं लांब तितकं सोयीचं. साहेब मध्येच थकतात आणि सही होते. ललित वाङ्मयाच्या वाचकावर अशी सक्ती नसते, तो थकला की पुस्तक मिटतो. माझ्या पहिल्या प्रेमकथेची सुरुवात होती: "सदर तरुणी उपरोक्त विहिरीवर नेहमीप्रमाणे पाणी भरणेकामी आली असता नायकाच्या निदर्शनास आली." मुंबईच्या पुतण्याला ती वाचायला पाठवली. त्याचा फोन आला, "काका, पुढे पंचनामा आहे का?"

लेखन सुधारण्यासाठी शिबिरं असतात, कार्यशाळा असतात, हल्ली ऑनलाइन वर्गही असतात. मला मात्र गुरू भेटला तो छापखान्यात. पुस्तक फर्म्यांत छापतात, एका फर्म्यात 16 पानं. माझा मजकूर बसला नऊ फर्मे आणि वर तीन पानं. छापखानावाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, तीन पानांसाठी अख्खा फर्मा चढवायचा? एक तर अजून तेरा पानं लिहा, नाहीतर ही तीन काढा." तेरा पानं लिहिण्याची माझी पूर्ण तयारी होती. त्याने त्या फर्म्याच्या कागदाचा, छपाईचा आणि बांधणीचा खर्च एका चिठोऱ्यावर मांडून दाखवला. माझ्या प्रतिभेला इतकं परखड समीक्षण तोवर मिळालं नव्हतं.

त्या रात्री लाल पेन घेऊन बसलो. संग्रहात तळगडावर सूर्य पाच वेळा मावळत होता, त्यातला एकदा पूर्वेला. चार सूर्यास्त काढले, पूर्वेचा सर्वांत आधी. मग तळगडाचा इतिहास. पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले आणि 12 राखले, त्या बारांत आमचा तळगड होता. ही गोष्ट खरी आणि अभिमानाची. पण नायक नायिकेचा हात धरायच्या बेतात असताना मध्येच अर्धं पान तहाची कलमं कशाला? ती गेली आणि त्याने एकदाचा हात धरला. 'जणू' गेले, 'अगदी' गेले, 'सदर' तर पोत्याने गेले. तीन पानं काढायची होती, निघाली सात. छापखानावाला म्हणाला, "आता मागे जाहिरातीला जागा झाली." दुसऱ्याच्या पैशाने छापलं असतं तर पाचही सूर्य तसेच मावळत राहिले असते, याबद्दल मला शंका नाही.

दुसरी परीक्षा घरची. ही ओट्याजवळ सुकट निवडत बसली की मी समोर स्टूल घेऊन मोठ्याने वाचतो. तिला मत विचारायचं नाही, विचारलं तर "छान आहे" म्हणते आणि ते उठून जाण्याचं लक्षण असतं. तिच्या बोटांकडे बघायचं. डोकी मोडणं, काटकी काढणं एका लयीत चाललं असेल तर परिच्छेद फुकट. बोटं थांबली आणि सुकटीचा एखादा तुकडा हातातच राहिला तर परिच्छेद ठेवायचा. एकदा मांजराने सुकट पळवेपर्यंत तिला भान नव्हतं. ती कथा मी संग्रहात पहिली घातली. मांजराचे आभार मात्र मानले नाहीत, नाहीतर नंदाबाईंचा विषय पुन्हा निघाला असता.

पुस्तक तयार झाल्यावर ते कुणाच्या नावाने काढायचं हा प्रश्न होता. एका शहरातल्या प्रकाशकाने तीन पॅकेजं सांगितली: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्लॅटिनममध्ये लेखकाची मुलाखत, फ्लेक्स आणि मुखपृष्ठावर 'बेस्टसेलर' असा गोल शिक्का. मी विचारलं, "छापायच्या आधीच?" तो म्हणाला, "सर, कव्हर आधी छापतात ना." मी नमस्कार करून परत आलो आणि आयएसबीएन स्वतःच मागवला. दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी हा क्रमांक विनामूल्य देते, लेखक स्वतःच प्रकाशक असेल तरी देते. सरकारी अर्ज भरणं एवढी एकच कला मला निर्विवाद येते, त्यामुळे तो अर्ज माझ्या साऱ्या वाङ्मयात निर्दोष उतरला. प्रकाशनाला हिचं नाव दिलं. त्या तहात मीही थोडे किल्ले राखले.

प्रकाशक झाल्यावर कळलं की 1954च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि एकेक चेन्नई, मुंबई व दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने पाठवायची असते. पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर पोस्टाची सोय डिसेंबर 2024मध्ये बंद झाली, म्हणून त्या प्रती स्पीड पोस्टाने गेल्या. प्रत पाठवली नाही तर त्या कायद्यात 50 रुपयांपर्यंत दंड, शिवाय पुस्तकाची किंमत भरायची. माझ्या पुस्तकाची पूर्ण किंमत वसूल होण्याची ही एकमेव कायदेशीर हमी, तीही माझ्याकडूनच. पण त्यामुळे झालं असं, की माझा संग्रह कोलकात्याला पोचला तेव्हा तळ्यात तो एकाही घरात नव्हता.

तळ्यात लेखक असतो, पण गिऱ्हाईक नसतं. असतात ते संबंध. संबंधांना पुस्तक विकता येत नाही, सप्रेम भेट द्यावं लागतं. प्रकाशन समारंभाला आलेल्यांनी शाल बघितली, वडा खाल्ला, भाषणात डुलक्या घेतल्या आणि जाताना प्रत उचलली. पाहुण्यांनी भाषणात दोन वेळा पुस्तकाचं नाव चुकवलं. दुसऱ्या वेळचं नाव मूळ नावापेक्षा चांगलं होतं, हे मी कुणाला बोललो नाही. मग आला आषाढ. गठ्ठे खाटेखाली. कागद ओलावा पितो आणि वरचं प्लॅस्टिक पीत नाही, त्यामुळे चार दिवसांत सगळी मुखपृष्ठं ओठ काढून रुसल्यासारखी वर वळली. ही त्यांच्यावर तांदळाचा डबा ठेवायची. वाङ्मयावर भाकरीचा दाब असतो, असं कुणीतरी म्हटलंच असेल.

अशा वेळी मी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांना आठवतो. कॉर्नेलची पीएच.डी. घेऊन परतलेल्या या माणसाने ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड मंडळी काढली, शेअर विकले, वर्गणीदार गोळा केले आणि 23 खंड पुरे केले. एवढ्यावर थांबले नाहीत. ती सगळी यातायात त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने 1927मध्ये ग्रंथरूपही केली, म्हणजे पुस्तक विकण्याच्या कष्टांचंही पुस्तक करून विकलं. दुसरे अमरावती जिल्ह्यातून दिल्लीला गेलेले लक्ष्मणराव. तिथे ते पदपथावर चहा विकत, हिंदी कादंबऱ्या लिहीत, स्वतःच छापत आणि किटलीच्या शेजारी मांडत. त्यांच्या ठेल्याचा रस्ता विष्णु दिगंबर पलुसकरांच्या नावाचा होता, हे मला शुभलक्षण वाटतं. चहा उकळेपर्यंत गिऱ्हाईक कुठे पळत नाही, हे विक्रीचं तत्त्व व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाचं आहे.

ते मी उचललं. स्टँडजवळच्या चहावाल्याकडे एक प्रत सुतळीने बाकाला बांधून ठेवली. इंदापूरची गाडी येईपर्यंत माणूस काय करणार? मोबाइलची रेंज गेली की तो पुस्तकाकडे वळतो. मी लांबून बघत असे. गाडी वेळेवर आली तर कथा अर्ध्यावर सोडून धावायचे, आणि त्यातले काही परतताना विचारायचे, "ती विहिरीवरची पुढे काय झाली?" उत्तर खाटेखाली विकत मिळत होतं. मग मला कळलं की माझ्या कथा फार लवकर रंगात येतात. कळस गाडी सुटल्यावर यायला हवा. दुसऱ्या संग्रहाची रचना मी गाड्यांचं वेळापत्रक समोर ठेवूनच करतो आहे.

पण खरी उलाढाल झाली ती गणपतीत. चाकरमानी आले, एकाने बाकावर चौथी कथा वाचली आणि घरी जाऊन सांगितलं की मास्तरांच्या दिनूचं सगळं पुस्तकात आलंय. ते दिनूचं नव्हतं, मी चक्क रोह्याचा एक माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. पण तळ्यात बातमी खरी ठरायला पुरावा लागत नाही. आरतीनंतर पाच-सहा जण दारात. कुणाला पुस्तक नको होतं, पान हवं होतं. "आमच्यातलं कुणी आहे का?" मी म्हणायचो, "वाचून बघा." शंभर रुपये देऊन तपासायला नेत. ज्यांना स्वतःचं सापडलं ते रागावले आणि भावकीला दाखवायला आणखी दोन घेऊन गेले. मुखपृष्ठं वळलेली आहेत, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. हिने खाटेखालून तांदळाचा डबा काढून स्वयंपाकघरात नेला.

शेवटचे आले वरच्या आळीचे तात्या. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून आले होते, माझ्या माहितीत हे एकटेच. चेहरा उतरलेला.

"चुलत्याचं आहे, मेव्हण्याचं आहे, आणि माझं नाही?"

"तात्या, त्या सगळ्या काल्पनिक..."

"ते राहू दे. दुसऱ्या आवृत्तीत माझं घाल. बांधाच्या भांडणाचं घाल. पंचवीस प्रती रोख घेतो. फक्त कोर्टात मी जिंकलो असं लिही."

"पण निकाल कुठे लागलाय अजून?"

"म्हणून तर सांगतो," तात्या चपला घालत म्हणाले, "तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याच्या आधी छाप."