एवढ्यानं काय होते?

माणसाला भूक नसू शकते, हे आमच्या नागपूरच्या मामीला मान्य नाही. जेवायला नको म्हणणारा माणूस तिच्या लेखी एकतर आजारी असतो, नाहीतर रुसलेला, नाहीतर बाहेर खाऊन आलेला. आजाऱ्याला ती मऊ भात देते, रुसलेल्याला पुरणपोळी, आणि बाहेर खाऊन आलेल्याला दोन्ही, कारण बाहेरचं खाणं तिच्या हिशेबात धरतच नाहीत.

धरमपेठेतल्या तिच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो ताटावर आडवा हात धरतो. मामी त्या हाताकडे बघतही नाही. बोटांमधून जिथं पान दिसेल तिथं गोळाभात घालते आणि वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल सोडायला पळी पुढे करते. तेल येतंय म्हटल्यावर हात आपोआप मागे जातो. "वाढू का?" असं ती विचारते, नाही असं नाही, पण वाढून झाल्यावर. पोट भरलं म्हटलं तर, "भरू दे नं. मी कुठं पोटात वाढून राहिली? पानात वाढून राहिली." डॉक्टरांनी तेल-तूप बंद केलंय म्हटलं तर, "डॉक्टर बसलाय का पंगतीत?" आणि पोळी पहिली असो वा पाचवी, शेवटी ठरलेलं वाक्य: "एवढ्यानं काय होते?"

मामांनी यावर एक तोडगा शोधून ठेवलाय. ते पानात अर्धी पोळी कायम शिल्लक ठेवतात. अर्धी पोळी दिसते आहे तोवर मामी नवी वाढत नाही, आणि उठायची वेळ आली की ती अर्धी पोळी एका घासात तोंडात कोंबून मामा थेट मोरीकडे चालू लागतात. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा आधी मागे वळून पाहिलं होतं.

मामीचा मुलगा मेलबर्नला असतो. व्हिडिओ कॉलवर ती त्याचा चेहरा पाहत नाही. "ताट दाखव," म्हणते. ताटात सॅलड दिसलं की कॅमेऱ्यात बघत मामांना सांगते, "पाला खाऊन राहिला पोरगा." पाहुणा निघाला की दशम्यांचा डबा, चटणीची पुडी, आणि गाडी वर्ध्याला पोचायच्या आत "डबा उघडला का?" असा फोन.

अशा घरात मुलीकडच्या नातवानं गेल्या हिवाळ्यात ॲक्सोलॉटल आणला. तो शिकायला आजीकडेच राहतो, त्यामुळे त्याच्या हौशी आजीच्या दिवाणखान्यात नांदतात. वीतभर लांबीचं, गुलाबीसर पांढरं, चार पायांचं जनावर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन झुपकेदार कल्ले आणि डोळ्यांना पापण्याच नाहीत. मामीनं काचेला नाक लावून पहिला प्रश्न विचारला, "हे हसून राहिलं का रडून?" नातवानं माहिती पुरवली. मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागातल्या कालव्यांचा हा रहिवासी. गोत्र बेडकाच्या जवळचं, पण बेडकाचं पिल्लू मोठं होऊन जमिनीवर येतं तसा हा सहसा येत नाही. कल्ले सांभाळत जन्मभर पाण्यात, बाळपणातच राहतो. पाय तुटला तर नवा उगवतो. मेक्सिकोनं त्याला ५० पेसोच्या नोटेवर बसवलंय, आणि मूळ गावी मात्र तो नामशेष व्हायच्या बेतात आहे. १८६४ मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला ३४ ॲक्सोलॉटल पोचले. त्यांतल्या काहींची प्रजा पुढे युरोपभरच्या प्रयोगशाळांतून पसरली. यातलं मामीला एवढंच पटलं की पोर परगावचं आहे आणि जन्मभर लहान राहणार आहे. नातवानं कायद्याप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणीही केली. "मग रेशनकार्डावर चढवायला काय हरकत आहे?" मामी म्हणाली.

नाव ठेवलं मोमो. नाव खायच्या वस्तूचं, म्हणजे पोर खाणारं निघणार, असं तिनं मनाशी धरलं आणि हिवाळाभर ते खरंही ठरलं. लांब चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून नाकासमोर हलवायचा. मोमोला दिसतं कमी, पण वास कळतो. काही क्षण काहीच होत नाही, मग एकदम तोंड उघडतं आणि पाण्यासकट घास आत ओढला जातो. चावणं नाही, निवडणं नाही, कढीपत्ता बाजूला काढणं नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न शिवणारी मामी गांडूळ मात्र बिनदिक्कत हाताळायची. पाहुण्याच्या पानात आपलं सोवळं आणू नये, असं तिचं शास्त्र आहे. त्यानंतर साबणानं हात धुऊन देवाला फूल वाहायची.

मार्चअखेर नातू इंटर्नशिपसाठी पुण्याला गेला. जाताना सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवून गेला. त्यात लिहिलं होतं: दोन-तीन दिवसांतून एकदा खायला देणे. मामीनं ते वाचलं आणि पोराची लिहिताना गडबड झाली असणार असं ठरवून दिवसातून दोन-तीनदा असं दुरुस्त करून घेतलं.

आणि एप्रिलच्या सुरुवातीला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली: "मोमो खाऊन नाही राहिला."

त्यापुढे जे झालं ते मेलबर्नपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांनी फोनवर ऐकलंय. मामीनं आधी दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या टाकीवरून ओवाळल्या तेव्हा पुण्याहून नातू ओरडत होता, "आजी, मीठ पाण्यात पडू देऊ नको!" मग पनीर चालेल का, उकडलेलं अंडं चालेल का, मऊ भात, साय, असं विचारून झालं. सगळ्याला नाही. शेवटी शेजारच्या बंगल्यातल्या गांडूळखताच्या हौदातून ताजी, लाल, वळवळती गांडुळं आली. मोमोनं एक तोंडात घेतलं. मामीचा चेहरा खुलला. आणि मोमोनं ते बाहेर टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा बाहेर.

"थुंकला," मामी फोनवर म्हणाली. आवाजात राग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिच्या हातचं तोंडात घेऊन थुंकलं होतं.

नातवानं समजावलं की खताच्या हौदातली ती लाल गांडुळं डिवचली की कडवट रस सोडतात, पुष्कळ ॲक्सोलॉटल ती अशीच बाहेर टाकतात. कुंडीच्या मातीतली साधी गांडुळं द्यावी, नाहीतर ही गरम पाण्यात क्षणभर बुडवून, धुऊन द्यावी. "म्हणजे कारल्यासारखंच," मामी सावरली. "मीठ लावून पिळून ठेवू का?" पुण्याहून पुन्हा आरडाओरडा.

कुंडीतली गांडुळंही मोमोनं घेतली नाहीत. मामी काचेसमोर स्टूल टाकून बसायची आणि माणसांवर चालणारी सगळी अस्त्रं एकेक करून काढायची. "एकच घास, माझ्यासाठी." "पाह्य बरं, हा काऊचा." "नाही खाल्लं तर मीही जेवणार नाही, सांगून ठेवते." मोमो पापणी न लववता बघत राहायचा, पापणीच नाही तर लववणार काय. पाय तुटला तर नवा येतो हे आठवून ती एकदा चिडलीही: "पाय परत येतो अन् भूक काहून नाही येत रे तुझी?" रात्री झोपताना दोन-चार तुकडे टाकीतच ठेवून द्यायची. उशिरा येणाऱ्या माणसाचं पान झाकून ठेवतात, त्या न्यायानं. रात्री भूक लागली तर पोरानं काय करावं?

निरोगी मोठा ॲक्सोलॉटल दोन आठवडे न खाताही निभावून नेऊ शकतो, हे नातवानं धीर द्यायला सांगितलं. ते सांगायला नको होतं. "दोन आठवडे? अरे, माणसं एकादशीलासुद्धा दुप्पट खातात!"

शेवटी कामाला आले मामा. ते सरकारी हिशेब-तपासणीतून निवृत्त झालेले. जेवणापेक्षा आकड्यांत त्यांना रुची जास्त. नातवाच्या कपाटातून त्यांनी पाणी तपासायची पेटी काढली. नळीत टाकीचं पाणी घेतलं, बाटलीतले थेंब मोजून टाकले, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं होत गेलं तर अमोनिया. नळी हिरवीगार झाली.

"हिरवं झालं नं!" मामी म्हणाली. "चला, चांगलं झालं."

चांगलं काहीच झालं नव्हतं. रात्री पान झाकून ठेवावं तसे ठेवलेले ते तुकडे टाकीत कुजत होते, त्यातून अमोनिया वाढत होता, अमोनियानं भूक मरत होती, आणि भूक नाही म्हणून मामी आणखी तुकडे ठेवत होती. त्यात थर्मामीटर २७ वर. कागदावर स्पष्ट लिहिलेलं, १६ ते १८, २० च्या वर जाऊ देऊ नये. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर, तिथलं पाणी गार. आणि बाहेर नागपूरचा एप्रिल, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. नातवानं व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं आणि नको ते स्वच्छ शब्दांत सांगून टाकलं, "आजी, तुझा आग्रहच त्याला बाधला."

मामी बराच वेळ बोलली नाही. मग कूलरकडे बघत म्हणाली, "खरं आहे. उन्हाळ्यात मला तरी कुठं जेवण जाते?"

"मग मला काहून वाढतेस?" मामांनी विचारलं. संसारात त्यांना अशी संधी पुन्हा मिळाली नसती.

पण एकदा पटलं की मामी मागे राहणारी नाही. टाकीतला सडका गाळ नळीनं ओढून काढला गेला. पाणी टप्प्याटप्प्यानं बदललं गेलं, आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणारं औषध त्यात आधी घालूनच. फ्रीजरमधून आंब्याच्या रसाचे डबे बाहेर आले, त्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठू लागल्या. एक टाकीत तरंगत, एक रांगेत. एकदम गार करायचं नाही, हळूहळू, हे मामांनी तक्ता आखून पाळलं. टेबलफॅनचा झोत पाण्यावरून तिरका सोडला. नागपूरच्या कोरड्या हवेत त्यानंच दोन-तीन अंश उतरले, आणि कूलरमध्ये वाळा भरत आलेल्या बाईला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. फिल्टरची धार जोरात लागत होती म्हणून मोमोचे कल्ले पुढे वळले होते. ती धार भिंतीकडे फिरवली. उजेड लागू नये म्हणून फुटक्या माठाचा अर्धा भाग, कडा घासून, आत पालथा ठेवला. कॉलनीतल्या एका हुशारानं सुचवलं की अशा जनावराला डब्यात घालून सरळ फ्रिजमध्ये ठेवतात. मामीनं तेवढ्यात ताकाच्या पातेल्याशेजारी जागाही केली होती. तो शेवटचा उपाय, तोही डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, म्हणून नातवानं ती रिकामी करायला लावली.

मोमो जेवला त्या संध्याकाळी मामीनं ग्रुपवर काही कळवलं नाही. नजर लागते. मामांनीच सांगितलं. चिमट्यातला तुकडा दिसेनासा झाला, आणि मामीचा हात सवयीनं पुन्हा गांडुळांच्या डब्याकडे गेला. "एवढ्यानं काय..." इथवर ती आली आणि मामा खोकले. हात मागे आला.

आता मोमोनं तोंड फिरवलं की ती पंधरा मिनिटांत तुकडा उचलून घेते. त्या घरात कोणाचं पान असं उचललेलं मी अजून पाहिलेलं नाही. माणसांच्या बाबतीत काही बदल नाही. गेल्या खेपेला मी मामांचं अर्ध्या पोळीचं तंत्र वापरून पाहिलं. मामीनं ती अर्धी पोळी तव्यावर गरम करून, तूप लावून, सोबतीला पूर्ण एक घालून परत आणली.

पण बाईची ख्याती पसरली आहे. शेजारची सून बाळ खात नाही म्हणून रडत आली, तर मामीनं आधी विचारलं, "खोलीत गरम किती होते? पाणी कुठलं पिते?" कोणाचा मासा खात नाही, कोणाचा पोपट, कोणाचे सासरे, सगळ्यांना ती सारख्याच गांभीर्यानं ऐकून घेते. ॲक्सोलॉटलवाले तर आता अमरावतीहूनही फोन करतात. त्यांना ती पाठ म्हणून दाखवते: आधी थर्मामीटर, मग पाणी, मग खाणं. अंगावर कापसासारखी बुरशी दिसली, पोट फुगलं, उलटा तरंगायला लागला, किंवा पाणी चोख असूनही तोंड लावत नसेल, तर मला विचारत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

तुमच्याकडेही कोणी खाऊन राहिलं नसेल, तर मामीला जरूर विचारा. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत ती फोन उचलते. फक्त फोनवरच विचारा. घरी गेलात तर जेवल्याशिवाय सुटका नाही.