बापूंची पहिली पायरी

आमच्या सोसायटीतले बापू दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकताहेत. शिकताहेत म्हणजे वाचताहेत. बँकेतून हेड कॅशियर म्हणून सुटल्यावर बरोबरीच्यांनी हास्यक्लब धरला, बापूंनी मेंटॅलिझम धरला. नातवाने मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ दाखवला, तर बापूंनी फोन पालथा ठेवला. "असलं उडतउडत नको. मूळ ग्रंथ आण."

मूळ ग्रंथ म्हणजे टोनी कोरिंडाचं 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम'. या विद्येतले जाणते नवशिक्याला बहुधा हेच नाव आधी सांगतात. पूर्वी तेरा सुट्या पुस्तिका होत्या, मग त्यांचा ग्रंथ झाला. बापूंनी त्याला खाकी कव्हर घातलं, लेबल चिकटवलं आणि पहिल्या पायरीवर बैठक मारली.

पहिली पायरी नखाची. अंगठ्याच्या नखाशी शिशाचा कण बसवायचा. समोरच्याने आकडा सांगितला की तो हातातल्या कार्डावर गुपचूप लिहायचा आणि 'हे मी मघाशीच लिहून ठेवलं होतं' असा चेहरा करायचा. चेहरा बापूंचा जन्मापासून तसाच आहे, अडचण लिहिण्याची. पावसाळा सरला, दिवाळी झाली, बापू पेपरच्या आड अंगठा घासताहेत! अख्ख्या बिल्डिंगीत सगळ्यांत जास्त वाचलेला माणूस शेवटी अंगठाबहाद्दर झाला.

दुसऱ्या पायरीत पेन्सिलीचं वरचं टोक कसं हलतं ते पाहून आकडा ओळखायचा असतो. त्यासाठी बापू गेटवर खुर्ची टाकून बसले. वॉचमन वहीत लिहायला लागला, टोक वळसा घेऊन आलं आणि बापू गरजले, "आठ!" वॉचमनने वही फिरवून दाखवली. मराठी ४. आता मराठी चार काढताना पेन जवळजवळ इंग्रजी आठासारखंच फिरतं, याला कोरिंडा काय करणार? बापूंनी समासात टीप लिहिली, 'आकडे देवनागरी असल्यास सावध.'

याच पायरीवर मनगटाचं प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकात वॉशिंग्टन आयर्व्हिंग बिशप डोळे बांधून लपवलेली टाचणी शोधून काढायचा. ज्याला जागा माहीत आहे त्याचा हात धरायचा. त्याच्या नकळत स्नायूंची बारीक ओढ जाणवते, ती ओळखत जायचं. बापूंनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना किल्ल्या लपवायला सांगितल्या आणि मनगट धरून, डोळे मिटून घरभर फिरले. दोन फेऱ्या झाल्यावर आजींनी काळजीने विचारलं, "ठोके बरे आहेत ना रे?"

तिसऱ्या पायरीवर स्मरणाच्या युक्त्या. आकड्यांना अक्षरं नेमून द्यायची, अक्षरांचे शब्द करायचे. "अहो, ही तर आपली कटपयादी!" झालं. कोरिंडा मिटला, बापू ग्रंथालयात. तिथून परतले ते पुढे जायलाच तयार नाहीत. कोरिंडाच्या आधीचा ॲनेमन वाचल्याशिवाय चौथी पायरी कशी चढायची? ॲनेमनचं 'प्रॅक्टिकल मेंटल इफेक्ट्स' १९४४ सालचं, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच 'जिंक्स' मासिकातून निवडलेलं. मग निवड कशाला, मूळ अंकच बघू, १९३४ पासूनचे. आणि हातचलाखीचा उलगडा करणारं इंग्रजीतलं जुनं पुस्तक रेजिनाल्ड स्कॉटचं, १५८४ चं, म्हणजे शिवजन्माच्याही ४६ वर्षं आधीचं. चेटकिणी वगैरे सगळं थोतांड आहे हे दाखवता दाखवता त्याने जादूगारांच्या युक्त्याही फोडल्या. बापू सध्या तिथे आहेत. याच वेगाने गेले तर पुढच्या वर्षी अश्मयुगात भेटतील.

गणपतीत कार्यक्रम करा म्हणून मंडळाची पोरं आली. "तेराव्या पायरीनंतर," बापू म्हणाले. तेरावी पायरी लोकांसमोर बोलावं कसं, सादर करावं कसं याची आहे. पोरांनी नातवाला उभं केलं. आदल्या रात्री तो घरात तालीम करत होता, तेव्हा बापू आरामखुर्चीतून वर न बघता म्हणाले, "कार्ड साधं आहे, साधं आहे, असं तीनदा कशाला सांगतोस? संशय कुणाला आलाय? आणि आकडा तू वाचू नकोस. कार्ड त्यांच्या हातात दे, त्यांनाच वाचू दे."

नातवाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मनातला आकडा सांगितला, कार्ड स्वतःच्या हातात घेतलं, वाचलं आणि थकलेल्या मेंटेनन्सवर बोलायचं होतं तेही विसरून खाली बसले. टाळ्या थांबेनात.

मी बापूंना म्हटलं, "नातवाने नाव काढलं तुमचं!"

"काढलं. पण अंगठा हलला त्याचा. तिसऱ्या रांगेतून दिसला."

"आम्हाला कुणालाच नाही दिसला."

"तुम्ही कुठे काय वाचलंय?"

"मग पुढच्या वर्षी तुम्हीच करा की."

"करू ना," बापू म्हणाले, "एकदा हा स्कॉट संपू दे. त्याच्या आधीही कुणीतरी असणारच."