पायावर उभे राहा, काका!

कडे चढण्याचं खूळ माझ्या डोक्यात एका माहितीपटानं घातलं. ३ जून २०१७ रोजी ॲलेक्स होनॉल्ड हा बाबा कॅलिफोर्नियातला एल कॅपिटनचा सुमारे ३,००० फुटी कडा दोराशिवाय चढून गेला. वेळ लागला ३ तास ५६ मिनिटं. मला नुसते बूट निवडायला त्याहून जास्त लागला.

‘क्लाइंबिंगचे बूट घट्टच हवेत,’ असं दुकानातल्या पोरानं सांगितलं. आता सल्ला मानायचाच तर अर्धवट का मानावा? माझा पाय नऊ नंबरचा, मी बूट घेतले सातचे. घरी ते चढवताना माझा चेहरा बघून बायको म्हणाली, ‘‘अहो, डोंगर बाहेर आहे. घरातच कसल्या कळा?’’

मग कॅराबिनर घेतला, म्हणजे दोर अडकवायची कडी. त्यावर २२ केएन असं कोरलेलं होतं. म्हणजे ढोबळमानानं सव्वादोन हजार किलोंचा भार. माझं वजन शहाऐंशी. आमच्या सोसायटीची अख्खी कार्यकारिणी त्या एका कडीला लटकवता आली असती. गेल्या सभेनंतर हा विचार मला फार सुखाचा वाटला. शेवटी तीस मीटरचा दोरही घेतला. तो कशाला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

एका रविवारी पहाटेच्या लोकलनं लोणावळ्याला गेलो. सरावाचा कातळ जेमतेम चाळीस फुटांचा. सह्याद्रीचा हा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्यामुळे त्याला घाई नव्हती. सगळी घाई मला होती. शिकवायला तेविशीतली एक मुलगी होती. दोर वरच्या अँकरमधून फिरून तिच्या कमरेच्या बिले डिव्हाइसमध्ये, म्हणजे दोर रोखणाऱ्या साधनात आलेला. ‘‘तू पन्नास किलोची, मला कशी पेलणार?’’ मी विचारलं. ‘‘घर्षण पेलतं, काका. आणि मी मागच्या झाडाला बांधलेली आहे.’’

‘काका’ हा शब्द जिव्हारी लागला. त्या रागात दहा फूट चढलो. सगळा भार हातांवर. पंधरा फुटांवर बोटं सुटायला लागली आणि डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडू लागला. खालून हाक आली, ‘‘हात सरळ ठेवा! पायावर उभे राहा, काका!’’

हेच वाक्य वडिलांनी मला वयाच्या एकविसाव्या वर्षापासून ऐकवलं होतं. तेव्हाही जमलं नव्हतं. हातपाय गाळले म्हणतात ते मी शब्दशः केलं आणि सुटलो.

दोर रबरासारखा ताणला गेला, मी चारेक फूट खाली येऊन लोंबकळलो. हा दोर ताणला जायलाच हवा. पडण्याचा झटका तो स्वतः खातो, म्हणून आपलं कंबरडं शाबूत राहतं. हे ज्ञान मला हवेत गिरक्या घेताना मिळालं. झाडाला बांधलेली ती मुलगी जागची हललीसुद्धा नाही.

खाली आल्यावर तिनं बूट काढायला लावले. बोटं भज्यांसारखी फुगलेली. ‘‘बोटं किंचित दुमडली की पुरे, त्यांना शिक्षा नाही द्यायची,’’ ती म्हणाली. ‘‘आणि जिना तुम्ही हातांनी चढता का?’’ दुसऱ्या फेरीला तिच्या पोतडीतले नऊ नंबरचे बूट घातले, हात सैल सोडले आणि प्रत्येक पावलाआधी खोबण डोळ्यांनी बघून घेतली. तीस फुटांपर्यंत गेलो. वरचे दहा फूट अजून बाकी आहेत.

दरम्यान घरी माझ्या दोरावर मे महिनाभर चादरी वाळत होत्या. नायलॉनला असं ऊन मानवत नाही, त्यामुळे तो आता कायमचा चादरींच्या सेवेत आहे.

तर, सात नंबरचे बूट विकणे आहेत, एकदाच वापरलेले. गरजूंनी जरूर विचारावं. दोर मात्र कुणी मागू नये, माझ्याकडेच नव्हे, कुणाकडेच. वापरलेल्या दोरानं किती झटके आणि किती ऊन खाल्लंय, ते वरून दिसत नाही.