बिघडवलेल्या गाडीचा कार्बोरेटर कसा लावावा

कार्बोरेटर सेटिंगची विद्या शिकायची तर पहिली अट अशी, की गाडी व्यवस्थित चालत असली पाहिजे. बंद पडलेली गाडी मेस्त्री दुरुस्त करतो. त्यात विद्या नसते, नुसते बिल असते. या कामाला यामाहा आरएक्स 100 उत्तम. 1985 पासून 1996 पर्यंत एस्कॉर्ट्सच्या सोबतीने भारतात निघालेली ही गाडी: 98 सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, 11 अश्वशक्ती आणि जेमतेम 20 मिमीचा कार्बोरेटर. जपानी इंजिनिअरांनी जेट, सुई, स्लाइड, फिल्टरचा डबा आणि सायलेन्सर हे सगळे एकमेकांना धरून बसवले आहे. ते तसेच राहिले तर आपल्याला करण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून आधी मोडावे.

फिल्टरचा डबा काढून तिथे लाल रंगाचा कोन फिल्टर लावावा. सायलेन्सरच्या आतली नळी उपसून काढावी किंवा सरळ एक्स्पान्शन चेंबर बसवावा. सिलिंडर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन पोर्ट घासून आणावेत. जे कोल्हापूरचे नाहीत त्यांनी कोल्हापूरचा पाहुणा शोधावा. शेवटी 28 मिमीचा कार्बोरेटर घ्यावा. खोक्यावर जपानी कंपनीचे नाव असते. त्यातली अक्षरे फार बारकाईने वाचू नयेत. (कारखान्यातून आलेल्या गाडीत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आड येते. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. ते फोटो पाहून आपला सायलेन्सर त्यात नाही याची खात्री करावी आणि पुढे वाचावे.)

आता गाडी रस्त्यावर काढली की ती खालून मरते. यात नवल काही नाही. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा जोरात गेली तरच ती जेटमधून पेट्रोल ओढते. गळा रुंद केला की तेवढ्याच इंजिनसाठी हवेचा वेग घटतो, आणि थ्रॉटल एकदम पिळला की पेट्रोल वर यायच्या आत गाडी भ्वाँ करून बसते. सिग्नलला मागचा रिक्षावाला त्यावर जे बोलतो त्याला अभिप्राय समजावे.

इथून खरे काम सुरू. सुरुवात हवेच्या स्क्रूपासून करावी, कारण तो बाहेरून दिसतो आणि त्याला पाना लागत नाही. गाडी चांगली गरम करून घ्यावी. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवावा (आवळू नये, टोक चेपते) आणि दीड फेरा बाहेर काढावा. मग पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात वर कुठे चढते ते ऐकावे. अर्ध्या फेऱ्याच्या आतच चढत असेल तर पायलट जेट लहान आहे. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर चढत असेल तर मोठा आहे. एवढे समजले की कुणालाही सांगू नये. गल्लीत उभे राहणाऱ्या प्रत्येकाकडे या स्क्रूचे स्वतःचे शास्त्र असते. आरएक्सवर हा स्क्रू हवेचा असल्यामुळे आत नेला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. पुष्कळशा फोर-स्ट्रोक गाड्यांवर इंजिनच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो, तिथे बाहेर काढला की वाढते. त्यामुळे बुलेटवाला, पल्सरवाला आणि आरएक्सवाला एकाच गाडीभोवती उभे राहिले तर ते स्क्रूबद्दल बोलत नसून आपापल्या गाडीबद्दल बोलत आहेत हे ध्यानात ठेवावे.

पुढचा भाग सुईचा. तिच्या डोक्यावर बहुतेक पाच खाचा असतात आणि एकीत क्लिप अडकवलेली असते. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते; वरच्या खाचेत घातली की कमी होते. हे शंभरदा वाचले तरी हातात सुई आल्यावर उलटेच होते. क्लिप काढताना ती उडते. ती नेहमी मोरीच्या दिशेने उडते, म्हणून आधी मोरीला फडके लावावे.

कोणत्या वेळी कोणता भाग बोलतो हे मात्र एकदा नीट पाठ करण्यासारखे आहे, इथे थट्टा नाही. थ्रॉटलच्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या हाउसिंगवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात: बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. पावाच्या खाली पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण सुई. पाऊणच्या वर मेन जेट. गाडी नेमकी कोणत्या खुणेवर अडखळते ते बघून त्याच भागाला हात घालायचा, आणि एका वेळी एकच भाग बदलायचा. ही पद्धत इतकी सरळ आहे की तिने एका रविवारी काम संपते. म्हणूनच ती कुणी वापरत नाही. रूढ पद्धत अशी: मेन जेट मोठा घालावा, सुई एक खाच खाली-वर करावी, स्क्रू जाता जाता फिरवावा आणि त्याच दिवशी पेट्रोल पंपही बदलावा. गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर दोष पेट्रोलला देता येतो.

जेटच्या आकड्यांवर विसंबून राहू नये. मिकुनी कंपनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहते ते सांगतो, तर केहिन कंपनीचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. एकाचा 100 म्हणजे दुसऱ्याचा 100 नव्हे. अर्थात जेट क्लचवायरच्या तारेने साफ करून झालेला असेल तर दोन्ही आकड्यांना फक्त ऐतिहासिक मूल्य राहते. पितळेत एक मिलिमीटरच्या आसपासचे भोक असते; त्यात पोलादी तार फिरवली की ते कुणाचेच राहत नाही. जेट कमी पडतोय म्हणून तारेने रुंद करणारे मेस्त्री आहेत, आणि मग जास्त झाला म्हणून त्यावर डाग देऊन पुन्हा छिद्र पाडणारेही आहेत. त्यांच्या हाताला कला आहे, पण ती लांबून बघावी.

आता प्लग वाचणे. सुनसान सरळ रस्ता बघून तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवावी आणि त्याच वेगात एकदम क्लच दाबून किल्ली बंद करावी. गाडी कडेला घेऊन प्लग उघडावा. नवा प्लग असला तर उत्तम. जुना प्लग मागच्या वर्षीची गोष्ट सांगत बसतो. चिनी मातीचा भाग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी असेल तर जमले. काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा फटक असेल तर लगेच मोठा मेन जेट घालावा आणि घरी सावकाश जावे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल आत जाते. पेट्रोल कमी पडले की पिस्टन तापतो, तेल टाकीत मिसळलेले असेल तर वंगणही घटते, आणि मग भर घाटात मागचे चाक जाम होते. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ऑइल वाढव की भावा’. टाकीत तेल मिसळून चालवत असाल तर तेल वाढवल्याने त्याच जेटमधून पेट्रोल आणखी कमी जाते. सल्ला देणाऱ्याला हे सांगू नये, तो मोठ्या मनाने बोललेला असतो.

इतके करूनही थ्रॉटल सोडल्यावर इंजिन वरच घुमत राहिले तर कार्बोरेटरला एकट्याला गुन्हेगार धरू नये. रबरी मॅनिफोल्डभोवती साबणाचे पाणी फवारावे. आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. मॅग्नेटोकडचा क्रँक सील गेला असला तरी हेच होते. क्लचकडचा गेला तर गिअर ऑइल आत ओढले जाऊन मागे पांढऱ्या धुराची रांगोळी पडते. माझ्या पाहण्यात निम्म्या गाड्यांचे कार्बोरेटर सीलच्या पापासाठी शिक्षा भोगत असतात. पण सील बदलायला इंजिन उघडावे लागते आणि स्क्रू उभ्या उभ्या फिरवता येतो, त्यामुळे परंपरा स्क्रूच्या बाजूने आहे.

कोल्हापुरात जमलेले सेटिंग पन्हाळ्यावर जड लागते, कारण चारशे मीटर वर हवा विरळ असते. तेच मालवणात उतरले की समुद्रालगतच्या घट्ट हवेत पेट्रोल कमी पडू लागते. थंडीतल्या पहाटेही असेच होते. उन्हाळ्यात दुपारी जेट लावून दिवाळीच्या पहाटे किल्ला बघायला निघणाऱ्यांनी हे विसरू नये. त्यात हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल. तेवढ्याच हवेला इथेनॉल साध्या पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त लागते, म्हणून जुना जेट एकदम उपाशी ठरतो आणि तो एखादा नंबर वाढवावा लागतो. म्हणजे उसाला भाव मिळाला की आरएक्सवाल्याला जेट घ्यावा लागतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटचा डबा रिकामा करून ठेवावा. इथेनॉल पाणी धरते आणि आत हिरवट खरपुडी साचते.

सेटिंग पूर्ण झाल्यावर घरातले कोणीतरी गाडी मागणारच. तेव्हा नाही म्हणू नये, फक्त सूचना द्याव्यात. कॉक सुरू करून आधी थोडे थांबायचे. चोक अर्धाच ओढायचा. किल्ली न लावता दोन किका, मग किल्ली लावून एक. लागली की मूठ सोडायची नाही, पण पिळायचीही नाही. पावाच्या खुणेवर थांबायचे नाही, तिथून पटकन पुढे जायचे. सिग्नलला उभे राहिलात तर ती आपणहून बंद पडेल, तेव्हा शक्यतो हिरव्यालाच पोचायचे. एवढे ऐकल्यावर काका किल्ली परत हातात देतात आणि केएमटी बसचा स्टॉप गाठतात.