अमेरिकेत गरीब म्हणून फोन मिळवण्याची सोपी पद्धत

अमेरिकेत सरकारी सवलतीचा फोन हवा असेल तर पहिली अट अशी की तुम्ही गरीब असले पाहिजे. ही झाली सोपी बाजू. अवघड बाजू ही की तुम्ही कागदोपत्री गरीब असले पाहिजे. नुसती हलाखी असून भागत नाही. ती कुठल्यातरी खात्याने आधी मान्य केलेली असावी लागते.

योजनेचे नाव लाइफलाइन. ती १९८५ पासून, म्हणजे रेगन यांच्या राजवटीपासून चालू आहे. मोबाइल तिच्यात आला २००५ मध्ये, धाकट्या बुश यांच्या काळात. साहजिकच लोक तिला ‘ओबामा फोन’ म्हणतात. नवशिक्याने या वादात पडू नये.

मिळते काय? महिन्याला सव्वानऊ डॉलरपर्यंत, आणि तेही तुमच्या हातात नाही, थेट कंपनीला. मूळ अमेरिकनांच्या राखीव भूमीवर राहत असाल तर ३४.२५ डॉलरपर्यंत. बऱ्याच मोबाइल कंपन्या तेवढ्यावर भागवून ग्राहकाला फुकट प्लॅन देतात. इंटरनेट घेतले तर महिन्याला किमान साडेचार जीबी द्यावे असा नियम आहे. आपल्याकडे रोज दोन जीबीचे रिचार्ज मारणाऱ्यांनी हसू नये, तिकडे अख्खा महिना त्यात काढायचा असतो.

आता पात्रता. अन्नासाठीची मदत, औषधोपचारासाठीची मदत (मेडिकेड), सरकारी घरभाड्याची मदत, माजी सैनिकांचे गरजूंसाठीचे पेन्शन, यांपैकी एखाद्या यादीत नाव असले की काम झाले. कुठेच नसेल तर उत्पन्न दाखवा. मर्यादा आहे दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्के, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने एकट्या माणसाला वर्षाला सुमारे २१,१२८ डॉलर. बावीस हजार कमावता आणि कुठल्याच यादीत नाही? अभिनंदन, तुम्ही सुखवस्तू आहात. पुढचे वाचू नका.

अर्ज ऑनलाइन करावा. इंटरनेट मिळवण्यासाठी आधी इंटरनेट लागते, ही अडचण नवशिक्यांनाच अडचण वाटते. मुरलेला माणूस सार्वजनिक ग्रंथालय गाठतो. कागदी अर्जही आहे. तो काळ्या शाईने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत भरायचा आणि शपथेच्या प्रत्येक वाक्यापुढे आपली आद्याक्षरे घालायची. खोटे लिहिले तर दंड आणि तुरुंग, हेही तिथेच छापलेले असते. सव्वानऊ डॉलरसाठी इतकी दहशत पुरेशी आहे.

मोठ्या शहरांत फुटपाथवर तंबू ठोकून, टेबलावर फोनची खोकी मांडून कंपन्यांची पोरे बसतात. टॅबलेटवर तुमची माहिती भरतात आणि तिथल्या तिथे फोन हातात ठेवतात. पूर्वी त्यांना दर गिऱ्हाइकामागे कमिशन मिळे, त्यामुळे गरिबांचा शोध मोठ्या तळमळीने चाले. २०१९ च्या नियमाने ते कमिशन बंद झाले. तळमळीचे काय झाले, ते ज्याने त्याने आपल्या फुटपाथवर पाहावे.

खरी परीक्षा कुटुंबाच्या प्रश्नात आहे. एका कुटुंबाला एकच सवलत. मग एकाच पत्त्यावर दोन अर्ज आले की वेगळा फॉर्म समोर येतो: घरात दुसरे कोणी प्रौढ आहे का? त्याला सवलत आहे का? तुमचे उत्पन्न आणि खर्च सामाईक आहेत का? ज्याने रेशनकार्ड वेगळे काढण्यासाठी तलाठ्याला तोंड दिले आहे त्याला हे समजावायला नको. चूल एक तर फोन एक, चूल वेगळी तर फोन वेगळा. दोन भाऊ एका खोलीत राहून आपापले शिजवत असतील, भाडेही आपापले भरत असतील, तर ती दोन कुटुंबे. नवरा-बायको मात्र कितीही अबोला धरून बसोत, कुटुंब एकच. उत्तर द्यायच्या आधी घरात एकमत करून घ्यावे, कारण सही करणाऱ्याला एकट्यालाच तुरुंगाची भीती असते.

घरच नसेल तर? तरी अर्ज करता येतो. आपण कुठे मुक्काम करतो ते नकाशावर दाखवायचे. पुलाखाली राहणाऱ्यालाही पत्ता देणारे हे खाते आहे, त्याला नावे ठेवू नयेत.

‘यापेक्षा जास्त पैसे देणारी योजना होती ना?’ असे कोणी विचारील. होती. महिन्याला तीस डॉलर, आणि तिचा लाभ दोन कोटींहून अधिक कुटुंबे घेत होती. संसदेने आणखी पैसे दिले नाहीत म्हणून १ जून २०२४ ला ती संपली. ज्यांना तिच्यामुळे इंटरनेटची सवय लागली त्यांनी ती सवय स्वखर्चाने चालू ठेवावी.

फोन मिळाला की जबाबदारी सुरू होते. फुकट प्लॅन तीस दिवस वापरला नाही तर पंधरा दिवसांची नोटीस येते आणि मग फोन बंद. तेव्हा अधूनमधून कोणाला तरी फोन लावावा. येणारा फोन उचलला तरी चालतो, फक्त तो सेवा देणाऱ्या कंपनीनेच केलेला नसावा. तो वापरात धरत नाहीत.

शिवाय आपल्या पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासारखे दरवर्षी गरिबी अजून हयात असल्याचे कळवावे लागते. कधी कधी सरकारच परस्पर याद्या तपासून खात्री करून घेते. नाही जमले तर पत्र येते आणि तेव्हापासून साठ दिवसांची मुदत. मधल्या काळात घर बदलले असेल तर पत्र जुन्या पत्त्यावर जाते. मुदत टळली की सवलत रद्द, आणि नवा अर्ज पहिल्यापासून. काळे पेन जपून ठेवावे.