बॅटरी येतेय, दम धरा

घन-अवस्था बॅटरी ‘येत्या पाच वर्षांत’ येणार, हे ऐकत ऐकत घरातले कितीतरी फोन ड्रॉवरवासी झाले. सध्याची लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली. तिच्या जनकांना नोबेल मिळालं २०१९मध्ये. मधल्या काळात फोनने कॅमेरा, घड्याळ, बँक, सगळं गिळलं. चार्जर मात्र उशाशीच राहिला.

आता सिलिकॉन-कार्बन बॅटरीचं कौतुक चाललंय. तिच्यातल्या ग्रॅफाइटमध्ये सिलिकॉन मिसळलं की तेवढ्याच जागेत जास्त वीज मावते. फक्त चार्ज होताना हे सिलिकॉन लग्नघरच्या व्याह्यासारखं फुगतं. तरी ७००० एमएएचचे फोन निघालेत, हे मान्य करायला हवं. अॅपलने मात्र २०२५मध्ये ५.६ मिलिमीटर जाडीचा आयफोन एअर काढला, आणि त्याच्या पाठीला चिकटवायची बॅटरी वेगळी विकायला ठेवली. बारीक व्हायचं फोनने, फुगायचं बिलाने!

युरोपीय संघाचा नियम आहे: फेब्रुवारी २०२७पासून, काही सवलती सोडता, उपकरणाची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. म्हणजे नोकिया ३३१०चं मागचं झाकण नखाने उघडून, बॅटरी शर्टाला पुसून परत बसवायचो, तेच. जाहिरातीत त्याला ‘क्रांती’ म्हणतील. आणि किंमत दोन हजारांनी वाढवतील.