ड्रोनचे वेगळे पडतील

केळीच्या पॅकहाऊसचं उद्घाटन नारळ फोडूनही होतं, हे मला मान्य आहे. पण उजनी धरणाकाठच्या कंदरच्या पट्ट्यात ज्याचा कंटेनर आखातात जातो, त्याचा नारळ किमान दोन कॅमेऱ्यांसमोर फुटावा असा दंडक पडलाय. शेजारच्यानं क्रेन लावली होती. म्हणून मी क्रेन, ड्रोन, एलईडी वॉल आणि दुबईच्या खरेदीदारासाठी यूट्यूबवर लाइव्ह, असं सगळंच सांगितलं. नवं जाकीटही शिवलं. ड्रोनमधून खांदे रुंद दिसतात म्हणे.

टेंभुर्णीकडची शूटिंगवाली पोरं हाडाची लग्नवाली. हळद, वरात आणि मधल्या वेळात धरणाकाठी प्रीवेडिंग. ह्या प्रीवेडिंगबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं सरकता येत नाही. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी उतरतात, तेव्हापासून आमच्या प्रत्येक जोडप्याला मागं गुलाबी थवा लागतो. थवा उथळ पाण्यात निवांत. मग नवरदेवाचा मित्र पँट वर करून पाण्यात उतरतो आणि ‘हुर्रर्र’ करतो. थवा उडतो तो पार पलीकडच्या काठाला. फ्रेममध्ये उरतो मित्र. नवरीच्या भाड्याच्या गाऊनचा घोळ धरायला तिचा धाकटा भाऊ उभा केलेला असतो, पण त्याचं सगळं लक्ष चिलापीच्या जाळ्याकडं. घोळ चिखलात बसतो, भाड्यात धुलाई वाढते, आणि दोन्ही घरच्या मंडळींचं पहिलं भांडण लग्नाआधीच उरकतं.

असल्या हातांत माझं पॅकहाऊस सापडलं. घड उतरवायचा, फण्या तुरटीच्या पाण्यात सोडायच्या, 13 किलोची पेटी भरायची, प्रीकूलिंग करून कंटेनर न्हावाशेवाला लावायचा. कॅमेरामन म्हणाला, “दादा, फणी वहिनींच्या डोळ्यांत बघत हळूच द्या.” दिली. सौभाग्यवतींनी ती उलटीपालटी करून पाहिली, “दांडा काळा पडलाय,” म्हणाल्या आणि बाजूला टाकली. पाहुण्यांनी फीत कापली तेव्हा फोकस नव्हता. “साहेब, परत एकदा!” दुसरी फीत कुठली? पेट्यांना बांधायची प्लॅस्टिकची पट्टी ताणली. ती कात्रीला दाद देईना. लाइव्ह तर माझ्या भाषणातल्या ‘मी’वरच अडकलं. दुबईवाल्यानं माझं उघडं तोंड बराच वेळ पाहिलं आणि मेसेज केला, “रेट काय?”

पण माझा खरा जीव होता एन्ट्रीत. कमानीतून उघडी जीप, वरून ड्रोन. मी जीपमध्ये उभा राहून ताटकळलो आणि ड्रोन धरणावर. आईनं ड्रोनवाल्या पोराला धरलं होतं.

“बाळा, जरा खाली घे की.”

“आजी, खाली नुसतं पाणी हाय.”

“त्याच्याच खाली हाय आमचं गाव.”

उजनी भरलं की 117 टीएमसी. त्यातला 63हून जास्त मृतसाठा, आणि आमचं जुनं गाव त्या मृतसाठ्यात. 2024च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं, तेव्हा आई भेगाळलेल्या गाळातून चालत जाऊन वाड्याचं जोतं बघून आली होती. त्या पाण्यावर माझी केळी उभी आहे, तेव्हा मी फार बोलू नये. पण पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं ह्यावर सगळे हक्क सांगतात. ज्यांची घरं त्याखाली गेली त्यांना विचारायचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या दिवशी एका लग्नवाल्या पोरानं आईला एवढंच विचारलं, “कुठं घेऊ, आजी? डावीकडं?”

ती सांगत गेली, तो नेत गेला. देऊळ, वेस, मोटेची विहीर. स्क्रीनवर नुसतं पाणी. बॅटरी संपली. माझी एन्ट्री बाजूच्या मंडपवाल्यानं मोबाइलवर घेतली. तीत जाकिटाचं एक बटण आणि बराचसा ट्रॅक्टर आहे.

एडिट होऊन आलेल्या व्हिडिओत पेट्यांवर गुलाबपाकळ्या पडतात आणि माझ्याभोवती बदाम उमलतो. भावकीच्या ग्रुपवर तो कुणी बघत नाही. बघतात ते पाणी. पुण्यात राहणाऱ्या चुलत्यांचा काल फोन आला, “अरे, अजून थोडं उजवीकडं घ्यायला पाहिजे होतं, आमचं परडं तिकडं होतं.” मी शूटिंगवाल्याला विचारलं.

“घेऊ की दादा. ड्रोनचे वेगळे पडतील.”

चुलते म्हणाले, निम्मे तू घाल.